चार रॉडांच्या चार टोप्या

लग्नाकार्यात कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" की मी सांगते, "रॉडचं काम करते." एकदा मुलुंडला एका साखरपुड्यात शेजारच्या बाईंनी लगेच खुर्ची जवळ ओढली. म्हणाल्या, आमच्या ह्यांच्या मांडीत घातलाय, तो किती वर्षांनी काढतात हो? मी म्हटलं, ते डॉक्टरांना विचारा, पण चालताना टकटक आवाज यायला लागला तर माझ्याकडे पाठवा. बाईंनी खुर्ची पुन्हा होती तिथे नेली.

माझा रॉड मोटारीच्या इंजिनातला. भांडुपला एलबीएस रोडच्या आतल्या गल्लीत आमचा गाळा. नवरा प्रकाश इंजिनाचे ब्लॉक बोअर करायचा, म्हणजे इंजिनाच्या ओतीव सांगाड्यातली भोकं कातायचा, आणि रॉड मी बघायची. लग्नानंतर त्याला डबा द्यायला म्हणून जायची, ती एक दिवस भोकातला बारीकसा फरक काट्यावर दाखवणारं मापाचं घड्याळ हातात घेऊन बसले, आणि पुढे डबा आणायचं काम त्याच्याकडे गेलं. आता गुडघे आणि चष्म्याचा नंबर दोन्ही वाढल्यामुळे मी बसून सल्ले देते. सल्ले कुणी मागत नाही, तरी देते.

ज्यांनी पायाचं शिलाई मशीन चालवलंय त्यांना रॉड वेगळा समजावून सांगायला नको. पायपट्टी वरखाली हलते आणि चाक मात्र गोल फिरतं. वरखालीचं गोल करणारा मध्ये एक दांडा असतो, तोच रॉड. इंजिनात पायपट्टीच्या जागी पिस्टन असतो, चाकाच्या जागी क्रँक. पिस्टन वर गेला की रॉड ताणला जातो, खाली आला की दाबला जातो, आणि गाडी चांगली पळाली तर लोक इंजिनाचं कौतुक करतात. एकत्र कुटुंबात मधल्या सुनेचं जे होतं ते याचं होतं. मी मधलीच सून आहे, त्यामुळे मला हे लवकर कळलं.

रॉडला दोन तोंडं. वरचं लहान तोंड पिस्टनला धरतं, खालचं मोठं क्रँकला. मोठं तोंड दोन तुकड्यांचं असतं, नाहीतर ते क्रँकला कवेत घेणार कसं? त्यातला खालचा सुटा अर्धगोल म्हणजे टोपी. ती दोन बोल्टांनी आवळायची. रॉड आणि त्याची टोपी आधी एकत्र आवळतात आणि मग त्यांचं भोक गोल करतात. त्यामुळे एका रॉडची टोपी दुसऱ्याला बसते, पण त्याचं भोक गोल होत नाही. बाहेरून सगळ्या टोप्या सारख्या दिसतात. आत जोडावर मात्र केसाहून बारीक पायरी पडते.

एवढ्याशा पायरीने काय होतं? मोठ्या तोंडात बेरिंगच्या दोन वाट्या असतात, आणि त्या वाट्या आणि क्रँक यांच्यामध्ये ऑइलचा पातळ पडदा. इंजिन चालू असताना तिथे लोखंड लोखंडाला शिवतच नाही, सगळा भार तो पडदा घेतो. पायरी पडली की पडदा फाटतो, बेरिंग घासते, तापते आणि टकटक सुरू होते. तरीही गाडी हाणली तर रॉड मोडतो आणि ब्लॉकला भोक पाडून बाहेरच्या जगात येतो. मग माझ्याकडे येऊन काही उपयोग नसतो, थेट भंगारवाल्याकडे जायचं.

टकटक ऐकूनही न ऐकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. घाटकोपरच्या एका टॅक्सीवाल्याला आवाजाचा इतका त्रास व्हायला लागला की त्याने गाडीत मोठे स्पीकर बसवून घेतले. मला म्हणाला, त्यानंतर आवाज बंद झाला होता. पवईच्या एका साहेबांची गाडी साचलेल्या पाण्यात बंद पडली आणि ते चावी फिरवत राहिले. इंजिनात हवा गेली तर ती दबते, पाणी दबत नाही. पिस्टन वर जाऊ शकला नाही आणि मधल्या मध्ये रॉड वाकला. साहेबांना पटेना, लोखंड पाण्याने वाकतं का म्हणून. मी रॉड सपाट लादीवर ठेवून त्याच्याखालून कागद सरकवून दाखवला. त्यांनी स्वतः कागद सरकवून बघितला आणि मग ते तो रॉड घरी घेऊन गेले. आता म्हणे दिवाणखान्यात आहे, पाहुण्यांना दाखवतात.

नव्या गाड्यांमुळे आमचं काम कमी झालं, हे खरं. त्यांचा रॉड कारखान्यातच मुद्दाम तडकवून दोन तुकडे करतात, म्हणजे तो तुकडा दुसऱ्या कुणाला बसायचाच नाही. मला ही युक्ती फार आवडली. पण बिघडला की तो कुणी दुरुस्त करत नाही, अख्खा फेकतात, आणि ते काही मला आवडलं नाही. आमच्या सोसायटीत तर आता विजेच्या गाड्या आल्यात. त्यांच्यात पिस्टनच नाही, मग रॉड कुठला? त्या शेजारून आवाज न करता जातात आणि मला उगाच कुणीतरी न बोलता निघून गेल्यासारखं वाटतं.

असो. मला सांगायचंय ते नानांबद्दल.

नाना म्हणजे माझे सासरे. मालवणकडचे, लालबागच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, हयात घालवलेले. गिरणी गेली, पण गिरणीतला दसरा त्यांच्या अंगातून गेला नाही. तिथे म्हणे खंडेनवमीला सगळे साचे धुऊनपुसून, फुलांनी मढवून ठेवत आणि कामगारांची बायकामुलं बघायला येत. त्यामुळे आमच्या गाळ्यातली हत्यारांची पूजा हा नानांचा प्रांत. आदल्या संध्याकाळी आम्हाला घरी पिटाळायचे आणि एकटे मांडत बसायचे. पूजेत एकदा ठेवलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, हा त्यांचा कायदा. प्रकाशने एकदा स्क्रू ड्रायव्हर उचलला होता, तर नाना दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रकाश गावच्या देवीला गेला होता. नवरात्रात मिलिंदचे चार रॉड कामाला आले. मिलिंद म्हणजे भांडुपच्याच टेकडीवरच्या वस्तीतला मुलगा. मुलगा म्हणते, पण डोक्यावरचे केस मागे हटलेत. जुनी मिनी बस घेऊन तो स्वतःच चालवतो आणि स्वतःच दुरुस्त करतो. टकटक ऐकल्याबरोबर त्याने गाडी उभी केली, म्हणून क्रँक वाचला होता. फक्त बेरिंग आणि वरच्या तोंडातले बुश, म्हणजे आतल्या पितळी कड्या, बदलायचे होते. त्याला घाई होती. दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं होतं, वस्तीतली माणसं आणि आईला घेऊन. नवमीला सकाळी रॉड नेऊन दिवसभरात इंजिन बांधायचं आणि संध्याकाळी निघायचं, असा त्याचा बेत होता.

रॉडवर जुने आकडे ठोकलेले होते, पण तीन मेकॅनिकांचे तीन हिशेब, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. मी स्वतः रॉडवर काहीही ठोकायच्या विरुद्ध आहे. लोकांना वाटतं रॉड अचानक तुटला. तो बरेच दिवस तुटत असतो. कुठेतरी लहानसा ओरखडा असतो, तिथून तडा सुरू होतो आणि रोज जरासा पुढे सरकतो. म्हणून मी ऑइलपेंटचे पट्टे ओढते. रॉडवर लाल तर त्याच्या टोपीवर लाल, मग पिवळा, हिरवा, निळा. अष्टमीला काम संपवलं, चारी टोप्या आपापल्या रॉडवर आवळल्या आणि टेबलावर ओळीने ठेवून घरी आले.

नवमीला सकाळी झेंडूच्या माळा घेऊन गाळ्यात गेले तर नाना दारातच उभे, धोतर नवं, कपाळाला गंध.

"बघ गो, आरसो केलंय एकेकाचो," ते म्हणाले.

खरंच आरसा केला होता. देवीच्या तसबिरीखाली पाट म्हणून माझ्या मापाच्या घड्याळाची पेटी. तिच्यापुढे पाने, टॉर्क पाना, हातोड्या, सगळं उंचीप्रमाणे लावलेलं. दोन्ही बाजूंना दोन-दोन रॉड उभे, समयांसारखे. आणि पुढे चार टोप्या कमानींसारख्या ठेवून प्रत्येकीखाली एक पणती. सगळ्यांना हळदकुंकू. देवापुढे ठेवायची वस्तू आतून मळकट कशी ठेवणार, म्हणून त्यांनी बोल्ट उघडून टोप्या आतूनही घासल्या होत्या. पेट्रोलने. पेंटचे पट्टे त्यांना डाग वाटले होते.

मी वाकून एखादा पट्टा कुठे उरलाय का ते बघू लागले. तेवढ्यात रिक्षा थांबली आणि मिलिंद उतरला. मागून त्याची आई, शेवंताबाई. पांढरं लुगडं, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात प्रवासाची पिशवी. पोरगा वेळेवर परत येईल याची खात्री नव्हती म्हणून त्या बरोबरच आल्या होत्या. मिलिंदने पूजेकडे बघितलं, टोप्यांकडे बघितलं, आणि त्याला मी काही सांगायची गरज पडली नाही.

"ताई, वाट लागली ना," तो हळूच म्हणाला.

मी म्हटलं, अजून नाही लागली. टॉर्क पाना म्हणजे बोल्ट किती जोराने आवळला ते सांगणारा पाना. तो आणि मापाचं घड्याळ हातात आलं तर प्रत्येक टोपी प्रत्येक रॉडवर आवळून बघता येईल. जिथे भोक गोल येईल ती जोडी खरी. फक्त ही दोन्ही हत्यारं देवीपुढे बसली होती, आणि रॉडही. शेजारपाजारचे सगळे गाळे हार घालून बंद. मी नानांना सगळं समजावलं. हे रॉड आपले नाहीत, गिऱ्हाइकाचे आहेत, टोप्यांची अदलाबदल झाली तर घाटात गाडीचं काय होईल, सगळं.

नानांचा चेहरा उतरला, पण कायदा उतरला नाही. "देवाफुडे ठेयलला हत्यार दसऱ्याशिवाय हलवूचा नाय," ते म्हणाले. "गिरणीत मालक इलो तरी हलवलेला नाय."

माझा पारा चढला. मी त्यांना इतकं बोलले की ते इथे लिहीत नाही, दिवाळीचा अंक आहे. मिलिंद मध्ये पडून म्हणाला, राहू दे ताई, आम्ही पुढच्या वर्षी जाऊ. असं म्हणताना तो आईकडे बघत नव्हता.

शेवंताबाई तोवर स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी नानांना विचारलं, पूजा तुम्ही मांडली का? नानांनी मान हलवली. छान मांडली म्हणाल्या. मग त्यांनी आपली हकिकत सांगितली, कुणी न विचारता, अगदी भाजीचा भाव सांगावा तशी. त्या चार-पाच वर्षांच्या होत्या तेव्हा वडील त्यांना खांद्यावर घेऊन नागपूरला गेले होते, दीक्षा झाली त्याच दिवशी. गावातून तेवढे दोघंच गेले होते. वस्तीत अजून लोक सांगतात, शेवंताबाई तिथे होत्या म्हणून. लहान मुलांना त्यांच्या पाया पडायला आणतात.

"होते मी," त्या म्हणाल्या. "पण झोपले होते. रात्रभर चाललो होतो आम्ही. बापानं उठवलं नाही मला. सगळं झालं, माणसं परत फिरली, तेव्हा जाग आली. मी काहीच बघितलं नाही, आणि हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं."

मिलिंदलाही ते माहीत नव्हतं, त्याच्या तोंडावरूनच दिसलं. पुढे त्या महापालिकेच्या इस्पितळात आया म्हणून लागल्या आणि सणाच्या दिवशी सुट्टी कधी मिळालीच नाही. निवृत्त झाल्या तेव्हा गुडघे गेले, गर्दीत पाय धरेना. आता काचबिंदू झालाय, एक डोळा मिटला आणि दुसऱ्याचं डॉक्टरांनी सांगितलंय की पुढच्या वर्षाचं बोलू नका. मग त्यांनी काळा चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा घातला.

 नाना पुढे झाले, डोक्यावरची टोपी नीट बसवली आणि देवीसमोर हात जोडून उभे राहिले. मालवणी माणूस असा उभा राहिला की ओळखावं, आता गाऱ्हाणं होणार.

"बा देवा म्हाराजा," त्यांनी खड्या आवाजात सुरुवात केली. "आज तुज्या हत्यारांची पूजा घातली, ती मानून घे. तेच्यात ह्या म्हाताऱ्याच्या हातसून जी काय चूक झाली, ती पोटात घाल. आणि ही माउली लांबच्या वाटेक लागली हा, तिका सुखरूप पोचव रे म्हाराजा."

गाऱ्हाण्याला मागून साथ द्यायला गाव लागतो. इथे गाव म्हणजे मी एकटी. "व्हय म्हाराजा," मी म्हटलं, आणि इतक्या जोरात म्हटलं की रिक्षावाला आत डोकावला. नानांनी हत्यारांवर अक्षता टाकल्या, घड्याळाची पेटी उचलली आणि माझ्या हातात दिली. तसबीर त्यांनी स्वतःच्या छातीशी धरली आणि काम होईपर्यंत तशीच धरून कोपऱ्यात बसून राहिले.

मग मी आणि मिलिंद लागलो. कुंकू पुसलं, बोल्ट नवे घेतले. आधी नखाने बघायचं. टोपी आवळून जोडावरून नख फिरवलं की परकी टोपी असेल तर नख अडतं. दोन जोड्या लवकर सापडल्या. उरलेल्या दोघींनी छळलं. नखाला दोन्हीकडे काहीच लागेना, कारण नाना घासण्याच्या कामात कमी पडणारे नाहीत. शेवटी घड्याळ आत घातलं. एका जोडीत काटा नाचत होता. टोप्या बदलल्या आणि भोकात सगळीकडून फिरवलं, काटा जागचा हलला नाही. मिलिंदने माझ्या हातातून घड्याळ घेऊन स्वतः फिरवून बघितलं. मला त्याचा राग आला नाही, त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. मग पेंटचा डबा काढला आणि पट्टे ओढले, या वेळी चांगले रुंद.

खरी गंमत संध्याकाळी झाली. इंजिन बांधून गाडी सुरू झाल्याचा मिलिंदचा फोन आला, म्हणून मी आणि नाना वस्तीच्या तोंडाशी निरोप द्यायला गेलो. बायका पांढऱ्या साड्यांत, डबे, चटया, निळे झेंडे. मी मिलिंदला पुन्हा बजावलं, बेरिंग नव्या आहेत, सुरुवातीला पळवू नकोस, टकटक आली तर जिथे असशील तिथे थांब. आणि वळून बघते तर नाना हातात एक पिशवी घेऊन गाडीत चढत होते.

मी विचारलं, तुम्ही कुठे?

"नागपूराक," नाना म्हणाले. "टोपये मी उकललंय. रॉड मोडलो तर माज्या बुडाखाली मोडांदे."

मिनी बसचं इंजिन ड्रायव्हरच्या बाजूला आतच असतं, वर झाकण. नाना थेट त्या झाकणाला टेकून बसले, कान लावून. मी हात धरून उतरवायला बघितलं, तर शेवंताबाई म्हणाल्या, बसू द्या हो, आमच्या गाडीत जागा आहे. बायकांनी सरकून त्यांच्या पाठीला उशी दिली. गाडी निघाली आणि मी रस्त्यात उभी राहून आवाज ऐकत राहिले. वळणापर्यंत तरी स्वच्छ होता.

दसऱ्याच्या दिवशी मी गाळ्यात हत्यारांवाचून बसलेल्या देवीपुढे बसून होते. प्रकाशचा गावाहून फोन आला, पूजा झाली का म्हणून, तर मी म्हटलं झाली, नाना नागपूरला गेलेत. तो म्हणाला, कुठे? मी फोन ठेवून दिला, कारण मला दुसऱ्या फोनची वाट बघायची होती. मिलिंदचा लागत नव्हता. मनात घाट येत होते, चढ येत होते. चाळीस वर्षं रॉड हाताळले पण एखाद्या रॉडची इतकी काळजी मी कधी केली नव्हती.

दुपारी मिलिंदच्या नंबरवरून फोन आला. उचलला तर आवाज शेवंताबाईंचा, मागे प्रचंड कल्लोळ.

मी आधी नानांचं विचारलं. "तुमचे सासरे ठाणं सोडायच्या आत झोपले," त्या म्हणाल्या. "अजून गाडीतच आहेत, घोरतायत. रात्रभर कान लावून मीच बसले होते. डोळ्याला डोळा नाही लागू दिला. काही वाजलं नाही पोरी, एकदाही नाही."

 मी गर्दी फार आहे का, गुडघे दुखतायत का, काही खाल्लं का, असं काहीबाही विचारत राहिले. त्यांनी दोन-तीन प्रश्नांची उत्तरं दिली.

मग म्हणाल्या, "आता फोन ठेव बाई. मला बघू दे."